स्पितीला जायचंय, बाबांना घेऊन

पत्र असं आहे:

'ताई, माझे बाबा एसटीत चालक होते. ३१ वर्षं त्यांनी वरंध आणि आंबेनळी घाटात गाडी चालवली. पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता रोज रात्री मोबाइलवर हिमाचलातल्या स्पितीच्या रस्त्याचे व्हिडिओ बघत बसतात आणि म्हणतात, "या रस्त्याला एकदा गाडी घालायची आहे." वय ६३. रक्तदाबाची गोळी चालू आहे, दाब आटोक्यात असतो. आम्ही पाच मित्रमैत्रिणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्पितीला निघालोय, त्यात मी बाबांना न्यायचं ठरवलं. चंदीगड ते चंदीगड सात दिवस. पहिला मुक्काम मनाली, दुसरा चंद्रताल, मग काझा, ताबो, कल्पा, सिमला आणि परत. गाडी चंदीगडला भाड्याने घेणार. ज्यानं आराखडा केलाय तो मित्र म्हणतो, आपण सगळे कळसूबाई-हरिश्चंद्रगडवाले, आपल्याला काही होत नाही. आई म्हणते, त्यांना नेऊ नकोस. बाबा म्हणतात, स्टिअरिंगवर मीच बसणार. मी तिघांच्या मध्ये अडकलेय. बाबांना न्यावं का? सात दिवस पुरतील का?'

बाबांना ने. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही. पण हा आराखडा घेऊन नेऊ नकोस. या आराखड्यानं मी तुझ्या वयाच्या धडधाकट माणसालाही जाऊ देणार नाही.

तुझ्या मित्राच्या कळसूबाईपासून सुरुवात करू. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे आणि मनाली सुमारे २,०५० मीटरवर. महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच जागी उभं राहिलो तरी आपण मनालीच्या बाजारापेक्षा चारशे मीटर खालीच असतो. सह्याद्रीनं तुमच्या पोटऱ्या घडवल्या, दम वाढवला, पावसाधुक्यात वाट शोधायला शिकवलं, आणि हे सगळं तिथे उपयोगी पडेल. विरळ हवेशी मात्र त्यानं तुमची गाठ घालून दिलेली नाही. तेवढी उंचीच त्याच्याकडे नाही.

चंद्रताल हे तळं सुमारे ४,२५० मीटरवर आहे. तुमच्या आराखड्यात पहिली रात्र २,०५० वर आणि दुसरी ४,२५० वर. अंतर जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणून कागदावर ते साधं दिसतं. प्रत्यक्षात एका दिवसात झोपण्याची उंची २,२०० मीटरनं वाढते. उंचीवरच्या आजारांचे डॉक्टर सांगतात की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं. दिवसा कितीही वर जाऊन या, रात्री कुठे झोपता ते मोजायचं.

असं का, ते बाबांना समजावून सांग. इंजिनाच्या भाषेत त्यांना लगेच कळेल. हवेतला प्राणवायू सगळीकडे २१ टक्केच असतो, पण वर हवेचा दाब कमी होतो. चंद्रतालला एका श्वासात आपल्याला समुद्रकाठच्या मानानं सुमारे ६० टक्केच प्राणवायू मिळतो. शरीर यावर उपाय शोधतं. श्वास वाढवतं, त्यानं रक्ताचा समतोल ढळतो, मग मूत्रपिंडं तो हळूहळू जागेवर आणतात. या जुळवाजुळवीला दिवस लागतात, तास पुरत नाहीत. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्याचं शरीरही ती लवकर करतं असं नाही. उलट तरुण, तंदुरुस्त माणसं पोचल्या पोचल्या फोटोसाठी टेकडीवर धावत सुटतात आणि रात्री तीच आडवी होतात.

मी हे पाहिलंय. बरीच वर्षं झाली, आम्हीही मनालीहून थेट चंद्रतालला गेलो होतो. सहा जण होतो. रात्री आठच्या सुमारास आमच्यातल्या सर्वांत दणकट मुलाचं डोकं ठणकायला लागलं. जेवण नको म्हणाला. आम्ही त्याला डोकेदुखीची गोळी दिली, दोन रजया घातल्या आणि 'झोप, सकाळी बरं वाटेल' म्हणून तंबूची चेन लावली. पहाटे चारला तो लघवीला उठला आणि पायात पाय अडकून पडला. सरळ रेषेत चार पावलं टाकता येईनात. बोलत होता, पण बोलण्याला काही धागा नव्हता. आमच्या गाडीचा स्थानिक चालक जागा झाला, त्यानं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि कुणाला न विचारता गाडी सुरू केली. काळोखात ती अरुंद वाट उतरलो, बातल गाठलं, मग छत्रू. छत्रूच्या आसपास आल्यावर त्यानं आम्हाला नावानं हाक मारली. मला तेव्हा रडू आवरलं नाही.

तो वाचला. पण रात्री आठ ते पहाटे चार हे आठ तास आम्ही नुसते बसून घालवले होते. आमच्यातल्या दोघांना तरी रात्रीच शंका आली होती, हे आम्ही नंतर एकमेकांना सांगितलं. सहलीचा बेरंग आपल्यामुळे व्हायला नको, म्हणून कुणी बोललं नाही. 'चला खाली' म्हणणं कुणाचं काम, हे आम्ही घरून निघताना ठरवलंच नव्हतं. तुझं पत्र वाचताना मला तीच रात्र आठवली, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

आता वाट. स्पितीला दोन बाजूंनी जाता येतं. मनालीकडून अटल बोगद्यातून, ग्राम्फू, छत्रू, बातल करत साडेचार हजार मीटरांच्या वरची कुंझुम खिंड ओलांडायची. किंवा सिमल्याकडून सतलजच्या काठाकाठानं किन्नौरमध्ये शिरायचं आणि खाबला जिथे स्पिती नदी सतलजला मिळते तिथून वर वळायचं. पहिली वाट जवळची आणि दुष्ट. दुसरी लांबची आणि माणसाला सवय करत नेणारी. बाबांना घेऊन दुसऱ्याच वाटेनं जायचं, यावर मी तडजोड सुचवणार नाही.

पहिली रात्र नारकंडा, सुमारे २,७०० मीटर. दुसरी सांगला, साधारण तेवढ्याच उंचीवर. तिसरी कल्पा, २,९६०. कल्पाहून समोर किन्नर कैलास दिसतो. तिथे संध्याकाळी घाई करू नका, नुसते बसून राहा. चौथ्या रात्रीबद्दल मात्र नीट ऐक. बहुतेक सगळे कल्पाहून नाकोला मुक्काम करतात. गाव फार सुंदर आहे, तळं आहे, जुने दगडी बोळ आहेत. पण ते सुमारे ३,६६० मीटरवर आहे, म्हणजे एका रात्रीत सातशे मीटरची उडी. नाकोला दुपारी थांबा, जेवा, तळ्याकाठी हिंडा आणि पुढे उतरून ताबोला झोपा. ताबो ३,२८० वर आहे. दिवसभरात उंची बघून आलात आणि रात्री खाली झोपलात, हे शरीराला मानवतं. प्रवास सहा-सात तासांचा होतो, म्हणून कल्पाहून उजाडताच निघायचं.

ताबोला दोन रात्री राहा. इथला मठ इ.स. ९९६ मध्ये उभारला गेला. बाहेरून मातीचे साधे ठोकळे दिसतात, डोंगराच्याच रंगाचे. आत भिंतीभर चित्रं आणि मातीच्या मूर्ती, हजार वर्षांच्या. आत दिवा फारसा नसतो, फोटो काढू देत नाहीत. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला थोडा वेळ लागतो आणि मग एकेक चेहरा भिंतीतून पुढे येतो. सात दिवसांच्या आराखड्यात या जागेला तुम्ही किती वेळ देणार होतात? चहाला थांबतात तेवढा. मला त्याचं खरंच वाईट वाटलं.

सहाव्या दिवशी वाटेत धनकरचा मठ बघून काझा, सुमारे ३,६५०. काझाहून लांगझा, हिक्किम, कोमिक ही साडेचार हजारांच्या आसपासची गावं दिवसा जाऊन यायची आणि झोपायला खाली काझाला परतायचं. लांगझाच्या ओढ्यांत शंखशिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. जिथे आज माणसाला दम लागतो तिथे एकेकाळी टेथिस समुद्र होता. पोरं ते विकायला आणतील. हातात घेऊन बघा, विकत घेऊ नका, उचलूनही आणू नका.

त्यानंतर एक दिवस कोरा ठेवायचा. त्या दिवशी कुठेही जायचं नाही असं आधीच लिहून ठेव. कुणाला बरं नसेल तर तो विश्रांतीचा, रस्ता बंद असेल तर वाट बघायचा, सगळं ठीक असेल तर काझाच्या बाजारात भटकायचा.

चंद्रतालचा निर्णय पुण्या-मुंबईत घ्यायचाच नाही. तो काझाला घ्यायचा. काझाहूनही तिथली उडी सहाशे मीटरची, पाचशेच्या मर्यादेपेक्षा थोडी जास्तच. तोपर्यंत सात-आठ रात्री अंगात उंची मुरलेली असेल, बाबांची झोप, भूक, दाब कसा आहे ते कळलेलं असेल, कुंझुम उघडी आहे की नाही तेही समजेल. सगळं जुळलं तर कुंझुम ओलांडून चंद्रतालला एक रात्र आणि दुसऱ्या दिवशी मनाली. ते तळं २००५ पासून रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतली पाणथळ जागा आहे, त्याच्या काठावर तंबू ठोकू देत नाहीत. छावण्या अलीकडे काही किलोमीटरवर असतात, तिथून पुढे गाडीनं आणि शेवटी पायी जायचं. नाही जुळलं तर आल्या वाटेनं परत. आणि परत जाणं म्हणजे सहल फसली असं समजू नकोस. सतलजचं तेच खोरं उलट बाजूनं फार वेगळं दिसतं.

एवढ्या सगळ्याला चंदीगड ते चंदीगड बारा दिवस लागतात. सातात हे बसत नाही. रजा मिळत नसेल तर सातात सांगला, चितकुल, कल्पा करा, तेही हिमालयच आहे आणि भरभरून आहे. नऊ मिळाले तर ताबो आणि धनकरपर्यंत जाऊन परता. बाराचा रस्ता सातात कोंबू नका, एवढंच माझं मागणं आहे.

तुझा मित्र विचारेल, एवढे मोकळे दिवस कशाला. त्याला हे सांग. स्पिती पर्जन्यछायेत आहे. महाबळेश्वरात धो धो पडत असतो तेव्हा माण-खटावात ढग नुसते वरून जातात, तसंच काहीसं. म्हणून लोक म्हणतात, स्पितीत पावसाची भीती नाही. स्पितीत फारशी नसेलही. पण स्पितीला नेणाऱ्या दोन्ही वाटा पावसाच्या मुलखातून जातात. २०२१ च्या जुलैमध्ये सांगला खोऱ्यात बटसेरीजवळ डोंगरावरून शिळा सुटल्या आणि नऊ पर्यटक गेले. पुढच्याच महिन्यात निगुलसरीला दरडीखाली बस आणि इतर गाड्या सापडल्या, २८ जण दगावले. २०२३ च्या जुलैत चंद्रतालला अडीचशेहून जास्त पर्यटक बर्फात आणि बंद रस्त्यांत दिवसेंदिवस अडकून पडले, त्यांना बर्फ कापून बाहेर काढावं लागलं. आणि तुम्ही निवडलेला सप्टेंबरचा शेवटचा आठवडा: २०१८ मध्ये नेमक्या याच दिवसांत लाहौल-स्पितीत अवेळी बर्फ पडला आणि शेकडो लोक अडकले, हेलिकॉप्टर आणावी लागली. दरवर्षी असं होतं असं मी म्हणत नाही. त्या दिवसांत आकाश बहुतेक वेळा निळंशार असतं, शेतं पिवळी झालेली असतात, मला स्वतःला तोच काळ सर्वांत आवडतो. फक्त जमलं तर आठ-दहा दिवस आधी निघा आणि परतीचं विमान तारीख बदलता येईल असं काढा. ठरलेल्या तारखेचं विमान पकडायचं म्हणून भर पावसात दरडीच्या पट्ट्यातून गाडी दामटणारे लोक मी बघितले आहेत.

रोज सकाळी निघायचं आणि उजेड असेपर्यंत मुक्काम गाठायचा. छत्रू-बातलच्या बाजूला ओढे रस्त्यावरूनच वाहतात. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी बर्फ वितळल्यावर गुडघ्यावर येतं. वरून खडे घरंगळताना दिसले की त्या जागी फोटोला थांबायचं नाही. रस्त्याची खबर हॉटेलच्या काउंटरवर विचारू नका, समोरून आलेल्या ट्रकवाल्याला किंवा बसच्या चालकाला विचारा. आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा. मात्र कुंझुमच्या पलीकडे ग्राम्फूपर्यंत फोन लागेल असं धरून चालू नका. घरी आईला सांगून ठेव की त्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन आला नाही तरी घाबरायचं नाही, आणि दुसऱ्या दिवशी किती वाजेपर्यंत आला नाही तर कुणाला फोन करायचा तेही लिहून दे. उपग्रहावरून संदेश पाठवणारी परदेशी यंत्रं कुणी सुचवली तर नको म्हण. आपल्याकडे ती परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे.

बाकीचं थोडक्यात. भारतीयांना स्पितीसाठी परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र जवळ हवं. रोकड भरपूर ठेवा, एटीएमच्या भरवशावर राहू नका. खोऱ्यात शिरण्याआधी टाकी भरून घ्या, आत काझालाच पंप आहे. कपडे एकावर एक चढवता येतील असे, कानटोपी, चांगला गॉगल. विमा काढत असाल तर डोंगरातून बाहेर काढण्याचा खर्च त्यात आहे का, ते वाचून बघा.

आता बाबा. रक्तदाब आटोक्यात असेल तर केवळ तेवढ्यावरून कुणी स्पितीला जाऊ नये असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि साठी ओलांडलेल्यांना उंची जास्त लागते असंही नाही. पण उंचीवर दाब वाढू शकतो, हृदयावर ताण येतो. म्हणून निघण्याच्या निदान दीड महिना आधी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा. नुसतं 'फिरायला जाऊ का' विचारू नकोस. कुठल्या रात्री किती मीटरवर झोपणार त्याचा कागद त्यांच्यासमोर ठेव. बाबांना चढताना छातीत दाटतं का, ताणचाचणी करायची का, वर दाब वाढला तर गोळीत काय बदल करायचा, हे विचार. घरचं दाब मोजायचं यंत्र बरोबर घे.

डायमॉक्सचंही तिथेच विचार. अ‍ॅसिटाझोलामाइड हे तिचं औषधी नाव. साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. ती शरीराची जुळवाजुळव लवकर करायला मदत करते, त्रास नुसता झाकत नाही. पण लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात, आणि बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीतच लघवी वाढवणारं औषध असेल तर डॉक्टरांनी दोन्ही एकत्र पाहायला हवं. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगायला हवं. मित्रानं आणलेल्या पाकिटातली गोळी त्याच्या सांगण्यावरून घ्यायची नाही. आणि गोळी घेतली म्हणून दुसऱ्या रात्री चंद्रताल चालेल, असा हिशोबही करायचा नाही. प्राणवायूचे ते हलके फवारा-डबे दुकानात मिळतात, त्यांनी काही मिनिटं बरं वाटतं, उपचार होत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्यायचा तर घे, पण माणूस डोळ्यांसमोर अडखळत असताना आकड्याकडे बघत बसू नका.

डोकेदुखी, मळमळ, भूक नाही, झोप नाही: यातलं काही झालं की उंचीचाच त्रास समजायचा, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. त्या दिवशी पुढे चढायचं नाही. आराम करून बरं वाटलं तर ठीक. वाढत गेलं, सरळ रेषेत पावलामागे पाऊल टाकून चालता येईना, बोलणं भरकटलं, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला यायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच क्षणी खाली. इथे स्पितीची एक गोष्ट आधीच डोक्यात ठेव: हे खोरं परातीसारखं आहे, बाहेर पडायला दोन्हीकडे चढ लागतो. एका बाजूला कुंझुम, दुसऱ्या बाजूला नाकोचा टप्पा. काझाहून पटकन उतरता येईल अशी जागा ताबो, जेमतेम पन्नास किलोमीटर. काझाला सरकारी रुग्णालय आहे, प्रथम तिथे धाव घ्यायची. चंद्रतालला मात्र यातलं काहीच हाताशी नाही. म्हणूनच ते शेवटी ठेवायचं.

आणि स्टिअरिंग. बाबांना गाडी चालवता येते का, हा प्रश्नच नाही. ज्या माणसानं पावसाळ्यात भरलेली एसटी आंबेनळीतून काढली त्याला वळणं कुणी शिकवायची गरज नाही. पण त्या ३१ वर्षांत एकदाही त्यांनी चार हजार मीटरवर, रात्री नीट झोप न लागलेली असताना, कठडा नसलेल्या रस्त्यावर, वाहत्या ओढ्यातून गाडी घातलेली नाही. उंचीवर प्रतिक्रिया मंदावते आणि ज्याची मंदावते त्याला ते जाणवत नाही. ओढ्याच्या तळात कुठे मोठा धोंडा आहे, कुठल्या वळणावर दुपारी दगड येतात, हे रोज जाणाऱ्यालाच माहीत असतं. भाड्याची गाडी नको. हिमाचली चालकासकट गाडी घ्या आणि बाबांना त्याच्या शेजारी, पुढच्या सीटवर बसवा.

त्यांना हे एकदम सांगितलंस तर लागेल. म्हणून मी एक सुचवते. रेकाँग पिओहून पहाटे हिमाचल परिवहनची बस काझाला निघते. कल्पाहून खाली पिओला यायचं आणि त्या दिवशी ताबोपर्यंतचा प्रवास तू आणि बाबा त्या बसनं करायचा, गाडी बाकीच्यांना घेऊन मागून येईल. जमलं तर चालकाजवळची सीट मिळव. एका राज्याचा एसटी चालक दुसऱ्या राज्याच्या चालकाला सतलजच्या कड्यावरून बस काढताना बघतोय. भाषेची अडचण येणार नाही, दोघं गिअरबद्दल बोलतील. माझी खात्री आहे, त्या रस्त्याला स्वतः गाडी घालण्याच्या हौसेतलं बरंचसं त्या सीटवर बसून भागेल.

आणि त्यांना खरं काम दे. आम्ही जे ठरवलं नव्हतं ते: 'चला खाली' म्हणण्याचं. आपल्याकडे घाटात दरड आल्याची खबर लागली की चालक बस पायथ्याला उभी करतो. आत चाळीस उतारू कुरकुरतात, कुणाची परीक्षा असते, कुणाचं लग्न असतं. तो कुणाचं ऐकत नाही. हे बाबांनी कितीदा केलं असेल. निघण्याआधी सगळ्यांना घरी बोलाव आणि सर्वांसमोर ठरवा की रस्ता, हवा किंवा कुणाची तब्येत याबाबत बाबांनी थांबा म्हटलं की गाडी थांबेल, त्यावर मतदान होणार नाही. आणि बाबांच्या स्वतःच्या तब्येतीबाबत तो अधिकार तुझा. त्यांना विचारून नाही, त्यांच्याकडून आधी कबूल करून घेऊन. 'मला काही झालेलं नाही' असं म्हणणारा बाप तिथे तुझ्यासमोर असेल, तेव्हा तुला हा शब्द लागेल.

तुझ्या मित्राला वाईट वाटू देऊ नकोस. त्यानं मेहनत घेतलीय, हॉटेलं शोधलीत. त्याच्याकडे फक्त एक काम दे: आराखड्याच्या कागदावर प्रत्येक गावापुढे झोपण्याची उंची लिहायची. तो रकाना भरताना त्याला मनाली आणि चंद्रतालमधली उडी स्वतःच दिसेल. आईलाही तोच कागद दाखव, डॉक्टरांची चिठ्ठी त्याला जोडून. नेऊ नकोस म्हणताना तिच्या मनात जे आहे त्याला तुझ्याकडे निदान उत्तर असेल.

डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घे. त्यांनी नको म्हटलं तर मला पुन्हा लिही. मग आपण बाबांसाठी कल्पापर्यंतचाच मुक्काम आखू, आणि पिओच्या बसस्टँडवर एक सकाळ ठेवूच.